देवखोलीच्या वरची मोरी

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून केवळाबाईंची हाक आली. "प्रिया, अगं तुमचं पाणी आमच्या देवखोलीत उतरून राहिलंय बघ." आवाजात राग नव्हता. दूध उतू गेलंय किंवा मांजर आत शिरलंय हे सांगावं तसं सांगितलं त्यांनी. हातात मेथीची जुडी होती, आणि सांगता सांगता त्यांनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलंसुद्धा. प्रियदर्शनीचा पाय मात्र पायरीवर होता तिथेच राहिला. औशापासून लातूरपर्यंत बसमध्ये उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयातली दिवसभराची ड्यूटी, सलाइन, लेकरांची रडारड, नातेवाइकांची कटकट, सगळं अंगात मुरलं होतं. वर जाऊन आधी पाठ टेकायची, मग चहा, एवढंच डोक्यात घेऊन ती स्टॅंडवरून चालत आली होती. आता डोक्यात ते काहीच उरलं नाही. तुमचं पाणी. आमची देवखोली. शब्द साधेच होते, घरमालकिणीने भाडेकरणीला म्हणावेत असे.

"मशीनचंच असंल," केवळाबाई म्हणाल्या. "आधीची उज्वला होती ना, तिचं बी मशीन त्याच मोरीत होतं चार वर्सं. खाली आमचे देव. पर कधी थेंब गळला न्हाई. रविवारी चन्नबसप्पाला घेऊन येते वर. नळाचं समदं तोच बघतो आमचं."

"नको काकू," ती म्हणाली. घाई जास्तच झाली हे तिचं तिलाच कळलं. "मीच बघते. पाइप ढिला झाला असेल कुठेतरी."

"तू काय बघतीस माय? तू सुया टोचणारी बाई."

"बघते ना. रविवारपर्यंत करते."

"बघ बाई. पर न्हाई झालं तर आणतेच मी त्याला. स्लॅबचं घर हाय. एकदा मुरलं की उकरावं लागतंय."

वर येऊन तिने कुलूप काढलं, चपला कोपऱ्यात सारल्या आणि पाठ न टेकता सरळ मोरीत गेली. मोरीत जायला आतल्या खोलीतून जावं लागतं, दुसरी वाट नाही. आणि आतल्या खोलीत, मोरीच्या दाराला लागूनच्या भिंतीवर, तथागतांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो. खाली लाकडी फळी, फळीवर मेणबत्ती, उदबत्तीचं घर. पुढच्या खोलीत भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि हिरव्या डोंगराचं चित्र. कुणी आलं तर पुढच्या खोलीत बसतं, आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं असतं. केवळाबाईंचे गुडघे गेलेले, त्या जिना चढत नाहीत. अण्णाराव, त्यांचे मालक, कधीमधी मोटारीचं सांगायला आले तर कॅलेंडराखालच्या खुर्चीवर टेकतात, पाणी नको म्हणतात, आणि जातात. तीन वर्षं असं नीट चाललं होतं. आता गुडघ्यांसकट केवळाबाई वर येणार, पुढे चन्नबसप्पा पान्हे घेऊन, आणि दोघं आतल्या खोलीतून मोरीत जाणार. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि मशीनकडे बघत राहिली. मशीनखालची फरशी ओली होती, पण ती तर नेहमीच ओली असते. मोरी म्हटल्यावर ओलं असायचंच, म्हणून इतके दिवस कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हे घर मिळायच्या आधीचे दोन महिने तिला अजून आठवले की मान दुखते. धम्मानंदची विमा कंपनीतली बदली नांदेडला झालेली, तिची नोकरी औशाला, म्हणून राहायचं लातुरात. घरं दाखवायचे लोक हौसेने. नळ सोडून दाखवायचे, उजेड कसा येतो ते खिडकी उघडून दाखवायचे. मग शेवटी, अगदी सहज, पूर्ण नाव काय म्हणालात? धम्मानंद, असं तो म्हणायचा, आणि समोरचा माणूस तसाच हसत राहायचा, फक्त नळ बंद करायचा. दुसऱ्या दिवशी फोन यायचा की आमच्या भाच्यालाच घर लागतंय. त्या वर्षी लातुरात एवढे भाचे एकदम कुठून घरं शोधायला निघाले होते, देव जाणे. शेवटी अण्णारावांसमोर तो म्हणाला, "डी. एम. सूर्यवंशी. नांदेडला असतो, शनिवारी येतो. ही प्रिया, सरकारी दवाखान्यात नर्स." सूर्यवंशी हे आडनाव असं की ते दोन्हीकडे चालतं. अण्णारावांनी पुढे विचारलं नाही, यांनी पुढे सांगितलं नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं. जिना उतरताना धम्मानंदने तिचा हात दाबला, आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं.

मग तेच अंगवळणी पडलं. प्रियदर्शनीची प्रिया झाली. एप्रिलमध्ये आणि बुद्धपौर्णिमेला ती नांदेडला धम्मानंदकडे जायची, शुभ्र साडी पिशवीत घालून, आणि खाली सांगायची की माहेरी चाललेय. फोनवर सासूबाईंना जयभीम म्हणायचं तर आवाज आपोआप खाली यायचा. कुणी शिकवलं नव्हतं. खालच्या माणसांबद्दल तर तक्रारीला जागाच नव्हती. केवळाबाईंची शिरूर अनंतपाळकडे शेती. हुरडा आला की हुरडा, तूर भरली की शेंगा, वेळाअमावस्येला भज्जी आणि आंबिल, सणाला पुरणपोळी, सगळं वर यायचं. पत्रावळीवर यायचं, द्रोणात यायचं, आंबिलसुद्धा कागदी पेल्यात. "ताट परत द्यायची तुला कटकट नको, दमून येतीस," असं त्या म्हणायच्या. आणि ती खरंच दमून यायची. दुसऱ्याचं ताट रिकामं परत देऊ नये, त्यात काहीतरी घालून द्यावं, हे तिला आईने शिकवलं होतं. पण पत्रावळीत काय घालून द्यायचं? ती चुरगाळून टाकून द्यायची. सोयीचं होतं ते.

रात्री धम्मानंदचा फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. "मेकॅनिक बोलाव ना एखादा," तो म्हणाला. "बाहेरचा आणला तरी काकू त्याच्यामागं वर येणार," ती म्हणाली. "स्लॅबची काळजी आहे त्यांना." मग तो म्हणाला, "एक दिवसापुरतं काढून कपाटात..." आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. दार ओढून घेणं वेगळं होतं. तसबीर खिळ्यावरून उतरवून साड्यांच्या घडीत ठेवणं, ते तिच्या हातून होणार नव्हतं, आणि त्याच्याही नाही. "शनिवारी येतो, मग बघू दोघं," तो म्हणाला. "तवर तू नको वाकत बसू, कंबर धरंल." ती बरं म्हणाली. शनिवारी त्याचे साहेब येणार आणि तो येणार नाही, हे तिला त्याच्या आधी ठाऊक होतं. ते तसंच होतं नेहमी.

झोप लागेना तेव्हा तिच्या मनात एक वाईट विचार आला, आणि तिला अंधारात हसू आलं. सासूबाई पहिल्यांदा इथे राहायला आल्या होत्या, घर लावून द्यायला, तेव्हा हे मशीन नवंच होतं. त्या, पंचफुलाबाई, मोरीच्या उंबऱ्यावर पदर सावरून बसल्या आणि काचेच्या झाकणातून आत फिरणारं पाणी बघत राहिल्या. "ही बाई हातानं घेती व्हय पाणी? कुणाला न इचारता?" मग त्यांनी धर्माबादकडच्या आपल्या गावची विहीर सांगितली. लहानपणीची. आपण खाली ओंजळ धरून बसायचं, आणि वरून कुणीतरी वतायचं. हात लागू नये म्हणून लई उंचावरनं. निम्मं पाणी कोपरावरनं खाली जायचं. ओंजळ गळती म्हणून वरच्या बाया हसायच्या, आणि पुन्हा वतायच्या न्हाईत. "मग मी बोटं अशी आवळायला शिकले," म्हणत त्यांनी आपली ओंजळ करून दाखवली. बोटांत फट नव्हती. आणि आता त्यांच्या सुनेचं साबणाचं पाणी वरून, उंचावरून, मालकांच्या देवांवर पडत होतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या हसतील की तोंडावर पदर घेतील, हे तिला ठरवता येईना. हसू जसं आलं तसं गेलं. घर गेलं तर पुन्हा ते भाचे, पुन्हा ते नळ सोडून दाखवणं, आणि तिच्यात आता तेवढा जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना तिने आतल्या वॉर्डातून चिकटपट्टीचं एक रीळ मागून आणलं. नळाकडून मशीनला येणारा पाइप जिथे जोडलेला होता तिथे ओल दिसत होती, म्हणून तिने तिथे पट्टी गुंडाळली. घट्ट, सलाइनची सुई हातावर बसवतात तशी. पट्टी ओलीवर बसेना. सकाळी बघितलं तर सुटून लोंबत होती, आणि फरशी ओली ती ओलीच. रुग्णाला ताप आहे म्हणून नुसत्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसणाऱ्या शिकाऊ पोरींना ती स्वतः रागावते, की आधी बघा ताप कशाचा आहे. तिला स्वतःचा राग आला. शनिवारी धम्मानंदचा फोन आला. "साहेब येऊन राहिलेत गं, निघता येत न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातही तिच्यासारखीच मरगळ होती. ती म्हणाली, असू दे. फोन ठेवून ती बराच वेळ आतल्या खोलीत जमिनीवर बसून राहिली. समोर तथागतांचे मिटलेले डोळे होते. ह्या घरात त्यांच्याइतकं निवांत कुणीच नाही, असं तिला वाटलं. एरवी ती असं काही मनात आणत नसे.

रविवारी उजाडताच ती कामाला लागली. मशीन पुढे ओढलं. मागची सगळी फरशी फडक्याने पुसून काढली, मशीनची पाठ पुसली, पाइप पुसले, आणि वर्तमानपत्रं पसरली, खाली आणि मागे. मग तिने उन्हाळी साडीसाठी आणलेली निळीची बाटली घेतली आणि मशीनमध्ये चांगली धार सोडली. मोरीत नुसतं पाणी कुठलं आणि गळतीचं कुठलं हे कळत नव्हतं, म्हणून गळतीला रंग दिला. नळाला पाणी आठवड्याने येतं आणि आलं तरी त्याला जोर नसतो. म्हणून पिंपातून बादल्या भरून तिने मशीनमध्ये ओतल्या. पाणी भरलं. कागद कोरडे. मशीन फिरायला लागलं, अंगात आल्यासारखं हादरायला लागलं, निळं पाणी झाकणाखाली घुसळत राहिलं. ती उकिडवी बसून बघत होती. कागद कोरडेच. तिची शंका जिच्यावर होती त्या नळाच्या जोडणीतून तर पाणी येतच नव्हतं, गळणार कुठून? बिचारीला उगाच रात्रभर बांधून ठेवलं होतं. मग मशीन थांबलं, आत खट्ट वाजलं, आणि पाणी बाहेर टाकायला सुरुवात झाली.

लातुरात मशीनचं पाणी मोरीत सोडून देणारा माणूस भेटायचा नाही. पाणी घेऊन आलेली रेल्वे बघितलेलं हे गाव आहे. बाहेर जाणारा पाइप मोरीकडे नसतो, पिंपाकडे असतो, आणि पिंपातलं पाणी आठवडाभर फरशीला, संडासाला पुरतं. तिचंही तसंच होतं. दर रविवारी ती तो पाइप उचलून, वाकवून, पिंपाच्या काठावर अडकवायची आणि धुणं झालं की पुन्हा खाली सोडायची. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून. आणि आता तिला दिसलं ते नेमकं तिथेच, मशीनच्या पाठीशी जिथे पाइपाला मुरड पडते तिथे. एक निळा थेंब फुगला, घरंगळला, मग दुसरा, मग त्यांची बारीक धार होऊन ती मशीनच्या पाठीवरून उतरली, कागदाला चुकवून भिंतीच्या कडेला गेली आणि फरशीच्या सांध्यात नाहीशी झाली. फिरताना गळत नव्हतं, भरताना गळत नव्हतं. फक्त पाणी वाचवताना गळत होतं. ती तशीच बसून राहिली, बोट त्या मुरडीवर ठेवून. चीर बोटाला लागत होती, नखाएवढी.

बाहेर जाऊन तिने कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली. पाइप पुसला, सुकवला, पट्टी ताणून ताणून गुंडाळली, वर दोरा करकचून बांधला. मग पिंपच उचलून मशीनच्या शेजारी आणलं, म्हणजे पाइपाला मुरड पडायलाच नको. इतकं साधं तीन वर्षांत सुचलं नव्हतं. कपडे घातले, धम्मानंदचे पांढरे शर्ट, तिचे गणवेश. पुन्हा बादल्या ओतल्या. मशीन भरलं, फिरलं, थांबलं, खट्ट वाजलं. निळसर पाणी पिंपात पडायला लागलं. कागद कोरडे राहिले. तिने हात लावून बघितलं, मग गाल टेकून बघितलं. कोरडे. आणि तिला इतकं बरं वाटलं की तिथेच फतकल मारून ती भिंतीला टेकली. कुणाची गरज लागली नव्हती. कुणी वर येणार नव्हतं. दार ओढून घेतलं होतं तसंच राहणार होतं. आता चहा करायचा आणि मग झोपायचं, अगदी दुपार टळेपर्यंत.

"प्रिया! अगं खाली ये जरा. हे बघ काय झालंय."

तिला कळलं, काय झालंय ते. पहिल्या वेळची निळी धार सांध्यात गेली होती, ती कुठेतरी उतरणारच होती. जिना उतरताना तिला सगळं दिसत होतं. चांदीचे टाक, खंडोबा, तुळजाभवानी, निळे पडलेले. पांढऱ्या चुन्यात निळा डाग. आणि रंग तरी कुठला सुचला तिला! हळद टाकली असती, कुंकू टाकलं असतं. घरात निळीचीच बाटली सापडावी हाताला? भीतीबरोबर त्या रात्रीचं ते वाईट हसूही ओठांवर आलं आणि तिने ते दाबलं. "काकू, सॉरी, मी पुसून देते सगळं," असं ती दारातूनच म्हणत आत गेली. केवळाबाईंच्या पुढच्या खोलीत ती बऱ्याचदा बसली होती. त्या आतल्या खोलीत मात्र तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. केवळाबाई खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून वर बघत उभ्या होत्या. छताच्या कोपऱ्यात बशीएवढा निळा डाग उमटला होता.

पण तिची नजर खाली गेली. खोलीत ज्वारीची पोती होती. उन्हाळ्याचा कूलर होता, चादर टाकून झाकलेला. मोडका पलंग उभा करून ठेवलेला, जुन्या चपलांचं खोकं. भिंतीत मोठा कोनाडा होता, त्याच्या वरच्या कडेला दिव्याची काजळी, पाठीला जुन्या कुंकवाची बोटं. कोनाडा रिकामा होता. त्याच्या खालच्या ओट्यावर दोन निळे थेंब पडलेले होते, फक्त ओट्यावर.

"देव कुठं आहेत?" तिने विचारलं.

"देव व्हय? ते कवाच हलवले की. पुढच्या खोलीत, कपाटात केलंय आता त्यांचं," केवळाबाई अजून वरच बघत होत्या. "ही आपली म्हणायला देवखोली. तोंडात बसलंय नाव."

"कधी हलवले?"

"तुम्ही आलाव न्हाई का राहायला, त्याच महिन्यात."

एवढं बोलून त्या खाली बघायला लागल्या. खोलीत ज्वारीचा कोंदट वास होता. "वर मोरी येती ना माय," त्या म्हणाल्या. "देवाच्या डोक्यावर मोरी बरी नव्हं."

मोरी तर आधीपासून होती. उज्वलाचं मशीन चार वर्षं त्याच मोरीत होतं, खाली देव होते, आणि केवळाबाईंनीच ते परवा सांगितलं होतं, मेथी निवडता निवडता. आपण काय बोलून बसलो ते त्यांनाही आठवलं असावं. त्या पदराच्या टोकाने ओट्यावरचे थेंब पुसायला लागल्या. निळीचा डाग पुसून जात नसतो, फाकतो. प्रियदर्शनी त्यांचा हात बघत राहिली. अन्नाच्या पत्रावळी तिला आठवल्या, कागदी पेले आठवले, अण्णारावांचं पाणी नको म्हणणं आठवलं. आठवायला काही कष्ट पडले नाहीत. सगळं जिथल्या तिथे होतं. तिनेच त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तुझी सासू सांगून गेली की पहिल्याच आठवड्यात. इथं दाराच्या पायरीवर बसली होती. मी गाव इचारलं, तिनं गाव सांगितलं. गल्ली इचारली, गल्ली सांगितली. कोण तुम्ही म्हणलं, तर सांगितलं. लई ताठ बाई हाय." केवळाबाईंच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "आमचे मालक म्हणले, काय करायचं? मी म्हणलं, राहू द्या, माणसं चांगली हायती. फकस्त देवांचं तेवढं बघू. तुला काढलं का घरातून? कधी उणं बोलले का मी? सण तुला सोडून केला का?"

"नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त लागलं. वाईट माणसं असती तर ती भांडली असती, घर सोडलं असतं, शिव्या घालून मोकळी झाली असती. ह्या बाईने तिचा गर्भ टिकला नाही तेव्हा खालून गरम पाण्याच्या पिशव्या पाठवल्या होत्या. आणि त्याच्या कितीतरी आधी तिच्या पायाखालून आपले देव उचलून नेले होते. दोन्ही एकाच हाताने. भाडेकरूला कळू नये इतक्या बेताने. तिला संताप यायला हवा होता. आला तो थकवाच, टाचांपासून वर चढत गेलेला, आणि त्याच्या तळाशी लाज. त्यांची नव्हे, स्वतःची.

"गळती सापडली काकू," ती म्हणाली. "पाइप चिरला होता. बांधला मी. आता नाही गळायचं." दारापर्यंत जाऊन ती वळली. "देव परत आणून ठेवा तुमचे."

पदराचं निळं टोक केवळाबाईंनी मुठीत धरलं होतं.

जिना चढून वर आली तेव्हा फोन वाजत होता. पुढच्या खोलीत कॅलेंडराखालच्या खुर्चीवर ती बसली. समोर आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं. तिने उठून ते उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि पुन्हा येऊन बसली. जिन्याचं दारही उघडंच होतं. आता खुर्चीवरून तसबीर दिसत होती.

"सापडलं का गं?" धम्मानंद नांदेडहून विचारत होता.

"सापडलं. केलं सगळं मी."

"मग? काकू आल्या का वर?"

"नाही. मीच गेले खाली." तिने त्याला सांगितलं. देव हलवलेत म्हणून सांगितलं, कधी हलवलेत ते सांगितलं, आणि सासूबाई पायरीवर बसून काय बोलल्या तेही. त्याच्या बाजूने रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता, कुणीतरी भाजी ओरडत होतं. तिला वाटलं, त्याला ऐकू येत नाहीये.

"ऐकतोयस ना?"

"मग आपण," तो म्हणाला. "मग इतके दिवस आपण कुणापासून लपून राहिलो होतो गं?"

मोरीत मशीनची शिटी वाजली. धुणं झालं होतं. फोन कानाला तसाच धरून ती आत गेली, वाकली, आणि मशीनच्या मागचा कागद पुन्हा एकदा चाचपून पाहिला. कोरडा होता.